एअर फिल्टर बदलावा की कोन बसवावा? गवंड्याच्या लेव्हल नळीने मोजून पाहिलं

वळणवाट
शनिवार, रात्री 9:40

मंडळी, धागा लांब होणार आहे, पण आकडे आहेत म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी 1.2 लिटर पेट्रोल हॅचबॅक, 2014ची, रनिंग 68,000. महिन्यातून दोनदा पुणे ते सातारा. चार माणसं, सामान आणि एसी असला की खंबाटकीच्या चढाला तिला दम लागतो, तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर यावं लागतं. एका दुकानात विचारलं तर सल्ला मिळाला, "मूळ डबा काढून टाका, कोन बसवा. इंजिनला हवा कमी पडतेय." कोन म्हणजे डब्याशिवाय उघडा बसणारा, शंकूच्या आकाराचा फिल्टर. खर्च साडेचार हजार. पैसे देण्याआधी एकच गोष्ट कळून घ्यायची होती: हवा कमी पडतेय ती नक्की किती, आणि कुठे?

आधी हवा आत कशी जाते ते. रेडिएटरच्या वरच्या पट्टीजवळ प्लास्टिकचं एक चपटं तोंड असतं. तिथून नळीतून हवा फिल्टरच्या डब्यात येते, घड्यांच्या कागदातून गाळली जाते, मग रबरी होजमधून थ्रॉटल बॉडीकडे, म्हणजे पायाच्या दाबाने हवा कमी-जास्त सोडणाऱ्या झडपेकडे. वाटेत एक रिकामी कुपी लटकलेली दिसते, तिला रेझोनेटर म्हणतात. हवेचा घुमणारा आवाज दाबायला ती असते.

आता इंजिनला हवा किती लागते ते पाहू. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेतं. 6000 आरपीएमला मिनिटाला 3000 श्वास, प्रत्येकी 1.2 लिटर, म्हणजे 3600 लिटर. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, म्हणून 3000 धरा. सेकंदाला 50 लिटर. पाण्याचं 200 लिटरचं पिंप चार सेकंदांत रिकामं व्हावं एवढी हवा त्या तळहाताएवढ्या तोंडातून जाते. हे गणित केल्यावर मलाही वाटलं की दुकानदाराचं बरोबर असणार.

मग मोजायचं ठरवलं. घराचं काम चालू आहे, गवंडी लेव्हल धरायला पारदर्शक नळी वापरतात ती हाताशी होती. लाकडी पट्टीवर ती इंग्रजी यू अक्षरासारखी बांधली, मध्ये मोजपट्टी चिकटवली, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरलं. एक टोक बाहेरच्या हवेत, दुसरं फिल्टरच्या पलीकडे. स्वतःच्या डब्याला भोक पाडायला धीर झाला नाही, म्हणून भंगारातून तसाच एक डबा आणला आणि त्याला भोक पाडलं. इंजिन हवा ओढतं तेव्हा फिल्टरपलीकडचा दाब कमी होतो आणि पाणी त्या बाजूला चढतं. दोन्ही बाजूंच्या पातळीतलं अंतर म्हणजे वाटेतला अडथळा.

पहाटे साडेपाचला रिकामा चढ, दुसरा गिअर, पाय पूर्ण दाबलेला, 6000 आरपीएम. नळी धरून मेव्हणा शेजारी. प्रत्येक गोष्ट तीनदा केली:

फिल्टर काढून, रिकामा डबा: 10 सेमी
नवा कागदी फिल्टर: 13 सेमी
माझाच जुना कागदी, 31,000 किमी चाललेला: 18 सेमी
मित्राचा तेल लावलेला कॉटनचा, मूळ डब्यात बसणारा: 12 सेमी

समुद्रसपाटीवर हवेचा एकूण दाब पाण्याच्या सुमारे 1033 सेंटीमीटर उंच खांबाएवढा असतो. पुण्याच्या उंचीला साधारण 970. म्हणजे नवा कागदी फिल्टर त्यातले 3 सेंटीमीटर (13 वजा रिकाम्या डब्याचे 10) खातो. 0.3 टक्के. फिल्टरच फेकून दिला तरी 82 हॉर्सपॉवरच्या इंजिनाला पाव हॉर्सपॉवर मिळेल. कागदी काढून कॉटनचा घातला तर 0.1 टक्का.

माझं कुठे चुकतंय का? जाणकारांनी बघावं, अशी विनंती.


चक्रधर_नगर
शनिवार, रात्री 10:25

मेहनतीला सलाम. पण मी दोन वर्षं उघडा कोन वापरतोय, इंजिन तुमच्याएवढंच. पाय दाबला की गाडी उचलते हे मला रोज जाणवतं. चार हजारांच्या वर तर फरक अगदी स्पष्ट आहे. नुसत्या नळीवर जाऊ नका, एकदा कोनवाली गाडी चालवून बघा.


मापनी
शनिवार, रात्री 11:10

वळणवाट, प्रयोग फार छान. मी कारखान्यात दाब आणि प्रवाह मोजायच्या उपकरणांवर काम करते, म्हणून तीन गोष्टी सुचवते.

पहिली, महत्त्वाची. तुमच्या यू नळीचे दोन पाय गाडीत पुढे-मागे होते का? तसे असतील तर गाडी वेग घेताना पाणी आपोआप मागच्या पायात चढतं, बसमध्ये आपण मागे रेलतो तसंच. पाय 6 सेंटीमीटर अंतरावर असतील आणि गाडी जोरात उचलत असेल तर दीड सेंटीमीटर खोटं वाचन सहज येतं. चढाचा उतार त्यात आणखी भर घालतो. पट्टी आडवी फिरवा, एक पाय ड्रायव्हरकडे, दुसरा खिडकीकडे. आणि मोजणी सपाट रस्त्यावर घ्या.

दुसरी. सिलिंडर हवा झटक्याझटक्याने ओढतात, त्यामुळे पाणी थरथरलं असेल. डब्याकडच्या टोकात इंजेक्शनच्या जाड सुईचा तुकडा बसवा. बारीक छिद्रातून झटके पुढे जात नाहीत आणि पाणी स्थिर राहतं.

तिसरी सुरक्षेची. नळीचा पाय पाण्याच्या पातळीपासून किमान अर्धा मीटर वर न्या. फिल्टर फारच तुंबलेला निघाला तर पाणी इंजिनात ओढलं जाऊ नये.

तुमचा निष्कर्ष मात्र यामुळे बदलेल असं वाटत नाही. चूक असली तर ती चारही मोजण्यांत सारखीच आहे, आणि आपल्याला हवा आहे तो त्यांच्यातला फरक.

चक्रधर, तुम्हाला जाणवतं ते मी नाकारत नाही. पण कोन बसवताना रेझोनेटरही निघतो. ज्या आवाजाला कंपनीने दाबून ठेवलं होतं तो मोकळा होतो, तोही नेमका पाय पूर्ण दाबल्यावर आणि वरच्या आरपीएमला. आवाज आणि ओढ आपल्याला एकत्रच जाणवतात. ती वेगळी करायची तर घड्याळ लागतं.


वळणवाट
रविवार, सकाळी 11:05

मापनीताई, पाय पुढे-मागेच होते! आज पहाटे पट्टी आडवी करून, सुई बसवून, सपाट रस्त्यावर पुन्हा मोजलं. सगळे आकडे दीडएक सेंटीमीटरने खाली आले: 8.5, 11.5, 16.5, 10.5. फरक जिथल्या तिथे. पाणीही आता डोळ्यांनी नीट वाचता येईल इतकं शांत राहतं. खूप आभार.

म्हणजे रिकाम्या डब्यातच साडेआठ जातात, ते तोंड, नळी आणि वळणांचे. फिल्टरचा वाटा त्याहून कितीतरी कमी.


जुना_मिस्त्री
रविवार, दुपारी 1:30

पोरांनो, मी पस्तीस वर्षं ट्रक, ट्रॅक्टर आणि जीपगाड्यांची इंजिनं उघडली. तुम्ही सगळे हवा किती जाते ते मोजताय. फिल्टर तिथे बसवलाय तो धूळ अडवायला. तेवढं विसरू नका.

खराब फिल्टरचं इंजिन उघडलं की सिलिंडरच्या वरच्या भागात, जिथे पिस्टनची रिंग परत फिरते, तिथे नख अडकतं. ती झीज धुळीने केलेली असते. आपल्या मातीत क्वार्ट्झ असतो, लोखंडाच्या सिलिंडरपेक्षा कठीण. केसाची जाडी 70 मायक्रॉन धरली तर इंजिनाला मारणारी धूळ 10-20 मायक्रॉनची, डोळ्याला दिसणारसुद्धा नाही. ती तेलात मिसळली की तेलाचंच पॉलिश पेपर होतं. मग गाडी तेल खाते, कॉम्प्रेशन जातं, आणि माणूस म्हणतो इंजिन खराब लागलं.

जुन्या जीपना आणि ट्रॅक्टरांना ऑइल बाथ असायचा. खाली वाटीत इंजिन ऑइल. हवा वरून येऊन तेलावर आपटते आणि उलटी वळते. जड धूळ वळू शकत नाही, तेलात बुडते. बारीक राहिलेली वरच्या तेलकट जाळीत अडकते. वाटीला खूण असते. खुणेच्या वर तेल भरलं तर इंजिन तेल ओढून घेतं, खाली ठेवलं तर धूळ आत. ऊस वाहणारे ट्रॅक्टर हंगामात धुरळ्यातून फिरतात, तेव्हा शहाणा शेतकरी रोज सकाळी ती वाटी उघडून बघतो. तळाला गाळ बसलेला बघितला की कळतं, हे सगळं इंजिनात गेलं असतं.

कागद त्याहून चांगला गाळतो. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा, कागद थोडा मळला की अजून चांगला गाळतो. चहाच्या गाळण्यात चोथा साठला की नंतरचा चहा जास्त स्वच्छ उतरतो, तसं. म्हणून दर पाच हजाराला फिल्टर झटकायची सवय सोडा.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे "हवा मारून दे". कॉम्प्रेसरची नळी कागदाला टेकवून दाबली की घड्यांत बारीक छिद्रं पडतात. वरून फिल्टर स्वच्छ दिसतो, गिऱ्हाईक खूश, आणि आतून तो चाळणी झालेला. कागदी फिल्टर अंधारात धरून मागे टॉर्च लावा. कुठे ठिपक्यासारखा प्रकाश आला तर तो फेकून द्या.

आणि कडेचं रबर. कितीही महाग फिल्टर असो, कडेला पोस्टकार्ड शिरेल एवढी फट राहिली तर हवा तिथूनच जाणार. नकली फिल्टरमध्ये घड्या कमी असतात आणि रबर कडक असतं, डब्याच्या खाचेत बसत नाही. डबा उघडा, फिल्टरच्या पलीकडची होज काढा आणि आतून ओलं पांढरं फडकं फिरवा. फडकं मातकट निघालं तर गाडी धूळ खातेय. पन्नास पैशांची परीक्षा, पण खोटं बोलत नाही.


सांगेकर
रविवार, संध्याकाळी 5:50

काका, फडक्याची परीक्षा आत्ताच केली आणि लगेच लिहायला बसलो.

मी गोव्यातला, सांगे तालुक्यातला. 2012 मध्ये खाणी बंद होण्याआधी कुडचडे-सावर्ड्याच्या रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांची रांग असायची आणि झाडांची पानंसुद्धा लाल असायची. ती धूळ कपड्यातून सहज जात नाही. माझ्याकडे तेव्हापासून धुवून वापरायचा कॉटनचा फिल्टर आहे, मूळ डब्यात बसणारा. "आयुष्यभराचा" म्हणून घेतला होता. आज होज काढून फडकं फिरवलं तर बोटाच्या रुंदीचा लाल पट्टा उमटला. एकाच बाजूला.

फिल्टर काढून पाहिला. त्या बाजूचं रबर वर्षानुवर्षांच्या धुण्याने ताठ झालंय आणि कोपरा उचलला गेलाय. जाळीतून आली की कोपऱ्यातून, हे सांगता येत नाही, पण धूळ आत आली आहे हे नक्की. उद्या कागदी आणतो.

ज्यांच्याकडे कॉटनचा आहे त्यांच्यासाठी: हा प्रकार कोरडा असताना बारीक धूळ नीट अडवत नाही. कापसाच्या धाग्यांवरचं चिकट तेल धूळ धरतं. धुतल्यावर सावलीत पूर्ण सुकू द्यायचा, ड्रायर नको, कॉम्प्रेसर नको. मग घडीघडीला बारीक रेघ ओढावी तसं तेल लावायचं आणि वीसेक मिनिटं थांबायचं, म्हणजे ते पसरतं. पांढरा डाग उरला तर तिथे परत थोडं. माझा सुकायला पावसाळ्यात दोन दिवस लागायचे आणि तोवर गाडी दारात. हे खोक्यावर कुठे लिहिलेलं नसतं.


डिझेलप्रेमी
रविवार, रात्री 8:15

तेल जास्त झालं तर सेन्सर जातो म्हणतात, ते खरं का? माझी 1.3 डिझेल आहे. मध्यंतरी चढाला काळा धूर मारायची. फिल्टर बदलल्यावर कमी झाला.


मापनी
रविवार, रात्री 9:30

डिझेलप्रेमी, तुमच्या दोन्ही गोष्टी एकाच धाग्यात ओवता येतात.

इंजिनाच्या कॉम्प्युटरला आत किती हवा आली ते कळावं लागतं. त्याचे दोन मार्ग आहेत. अनेक छोट्या पेट्रोल गाड्या थ्रॉटलच्या पलीकडचा दाब आणि हवेचं तापमान मोजून हिशोब करतात. त्यांना फिल्टरच्या तेलाचा विशेष धोका नाही. दुसरा मार्ग एअर फ्लो सेन्सरचा, जो फिल्टरच्या डब्याला लागूनच बसतो. त्यात तापवलेली बारीक तार किंवा पातळ पापुद्रा असतो. वाहती हवा त्याला थंड करते, आणि तापमान टिकवायला जितका करंट लागतो त्यावरून हवेचं वजन कळतं. त्या तारेवर तेल आणि धूळ यांचा लेप बसला की ती नीट थंड होत नाही, आणि कॉम्प्युटरला हवा खरी असते त्याहून कमी वाटते. जेमतेम तेल लावलेल्या फिल्टरने हे होऊ नये. ओलाचिंब करून बसवलेल्याने होऊ शकतं.

आणखी एक. या सेन्सरचा हिशोब त्याच्या भोवतीच्या नळीच्या व्यासावर बांधलेला असतो. कोनाच्या किटमधली नळी मूळच्यापेक्षा रुंद असेल तर तेवढीच हवा हळू वाहते आणि सेन्सर कमी मोजतो. म्हणजे नवी नळी बसवून हवेचा अडथळा कमी केला, पण कॉम्प्युटरला चुकीची बातमी दिली.

आता काळा धूर. पेट्रोल गाडीत थ्रॉटलची झडप हवा अडवते आणि त्या हवेच्या बेताने पेट्रोल दिलं जातं, साधारण 14.7 भाग हवेला 1 भाग, वजनाने. डिझेलमध्ये उलट, हवा जेवढी येईल तेवढी येऊ देतात आणि पायाच्या दाबाने डिझेल कमी-जास्त होतं. फिल्टर तुंबला, टर्बोला (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याला) पुरेशी हवा मिळाली नाही, तर डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी होते. टर्बोवाल्यांनी फिल्टर जास्तच सांभाळावा. टर्बोची पाती मिनिटाला लाखभर फेऱ्यांहून जास्त वेगाने फिरतात. त्या वेगाला वाळूचा कण म्हणजे छिन्नी.


बे_एरिया_मराठी
रविवार, रात्री 11:55

मी सॅन होजेला असतो. हे किटचं वेड इकडूनच पसरलं, म्हणून इकडची बाजू सांगतो.

इकडे मोठ्या व्ही-एट (आठ सिलिंडरच्या) इंजिनांवर, त्यात टर्बो किंवा एक्झॉस्ट बदललेला असेल आणि कॉम्प्युटरचं ट्यूनिंगही केलं असेल, तर मोठा इन्टेक, म्हणजे हवा घेणारी मोठी नळी आणि फिल्टर, खरोखर उपयोगी पडतो. हवेची गरजच पुष्कळ वाढलेली असते आणि मूळ डबा तेवढ्यासाठी बनवलेला नसतो. तोच तुकडा साध्या 1.2वर बसवला तर ज्या दुखण्यावर औषध आहे ते दुखणंच तिथे नाही.

कॅलिफोर्नियात आणखी एक नियम आहे. इन्टेक किटला इथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक लागतो आणि त्याचा स्टिकर बॉनेटखाली लावायचा असतो. तो नसेल तर धुराच्या तपासणीत गाडी नापास होते.

ॲव्हरेजबद्दल कुणी विचारेल म्हणून: अमेरिकेच्या ऊर्जा खात्यासाठी ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये मुद्दाम तुंबवलेले फिल्टर घालून गाड्या तपासल्या. फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरने ॲव्हरेज जवळजवळ बदललं नाही, पूर्ण पाय दाबल्यावरचं पिकप मात्र कमी झालं. कारण मापनीताईंनी लिहिलंच आहे. रोजच्या चालवण्यात थ्रॉटलची झडपच हवा अडवून बसलेली असते. फिल्टरने थोडी जास्त अडवली तर आपण नकळत झडप थोडी जास्त उघडतो, इतकंच. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी.


चक्रधर_नगर
मंगळवार, रात्री 9:20

मापनीताईंचं घड्याळाचं वाक्य डोक्यात राहिलं. माझ्याकडे ओबीडीचं (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं) ब्लूटूथ उपकरण आहे, मोबाइलवर आत जाणाऱ्या हवेचं तापमान दिसतं. नगरला परवा दुपारी 36 अंश होते. त्याच रस्त्यावर आधी कोन घालून आणि मग जपून ठेवलेला मूळ डबा बसवून चालवलं.

ताशी 80ने, कोन: 47 अंश. मूळ डबा: 43.
सिग्नलला पाच मिनिटं उभा, कोन: 69. मूळ डबा: 55.

माझ्या गाडीत तापमानाचा सेन्सर होजवरच आहे, मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या) गरम भागावर नाही, त्यामुळे हे आकडे हवेचेच धरायला हरकत नाही.

मग 40 ते 80 जायला तिसऱ्या गिअरमध्ये किती सेकंद लागतात ते दोन्ही दिशांनी चार-चार वेळा मोजलं. दोन्हींत फरक मला पकडता आला नाही. सेकंदाच्या दोन-तीन दशांशांचा हातचा फरक तर माझ्याच बोटाचा आहे. सिग्नलवरून निघाल्यावर लगेच मोजलं तेव्हा मूळ डबा बरा होता.

दोन वर्षं मी जे जाणवतंय म्हणत होतो, तो आवाज होता. मला तो आवाज आजही आवडतो, हेही खरं.


मापनी
मंगळवार, रात्री 10:05

चक्रधर, हे मोजून इथे लिहिलंत याचा फार आनंद झाला.

तुमचे आकडे वळणवाटांच्या आकड्यांशेजारी ठेवा. हवा तापली की विरळ होते. आपल्या तापमानाला ढोबळ हिशोब असा: दर तीन अंशाला एक टक्का. ताशी 80ला चार अंशांचा फरक, म्हणजे सव्वा टक्का हवा कमी. सिग्नलला 14 अंश, म्हणजे चार टक्के. आणि फिल्टर पूर्ण काढून टाकला तरी मिळणार होते 0.3 टक्के. बॉनेटखालची गरम हवा ओढणारा उघडा कोन जितकं देतो त्याच्या कितीतरी पट परत घेतो. त्यावर हवा गरम झाली की ठोके पडण्याची (पेट्रोल अवेळी पेटून इंजिन खडखडण्याची) शक्यता वाढते, आणि ते टाळायला कॉम्प्युटर स्पार्क मागे घेतो, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पाडतो. तो तोटा वेगळा.

मूळ डब्याचं तोंड रेडिएटरच्या पुढून हवा घेतं ते याचसाठी. ते प्लास्टिक बेढब दिसतं, पण त्यामागे कुणीतरी पुष्कळ विचार केलेला असतो.


ठाणेकर_07
बुधवार, सकाळी 8:45

मग लांब नळीचा, बंपरच्या मागे खाली फिल्टर ठेवणारा कोल्ड एअर इन्टेक घ्यावा, म्हणजे हवा थंड मिळेल, असं कुणी म्हणण्याआधी लिहितो.

मी मुंबईत वाढलो. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला, त्या रात्री बंद पडलेल्या गाड्यांच्या रांगांमधून घरी चालत आलो होतो. त्यातल्या पुष्कळ गाड्यांची इंजिनं नंतर उघडावी लागली. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. 1.2 लिटर चार सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा असते फक्त 30 मिलिलिटरच्या आसपास. कटिंगच्या निम्म्या चहाएवढं पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टन वर येऊच शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

मूळ तोंड बॉनेटच्या उंचीला असतं. बंपरमागचा फिल्टर गुडघ्याच्याही खाली. ठाण्यात पावसाळ्यात तेवढं पाणी साचायला एक जोरदार सर लागते. आणि गाडी पाण्यात बंद पडलीच तर परत स्टार्टर मारू नका, ढकलून बाहेर काढा. साध्या विमा पॉलिसीत पाणी ओढून झालेलं इंजिनाचं नुकसान सहसा धरत नाहीत, इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

कायद्याचंही लक्षात असू द्या. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यात परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. मूळ डब्यात बसणारा फिल्टर आणि डबाच काढून टाकणारं किट यांत फरक करा. वॉरंटीतली गाडी असेल तर आधी पुस्तिका वाचा.


डिझेलप्रेमी
बुधवार, सकाळी 10:30

मग ऑफरोडच्या जीपना छपरापर्यंत स्नॉर्केल (हवा घ्यायची उंच नळी) लावतात ते योग्य?


जुना_मिस्त्री
बुधवार, दुपारी 2:10

योग्य. पाण्यासाठी तर आहेच, पण धुळीसाठी जास्त. पुढच्या गाडीचा धुरळा चाकांच्या उंचीला दाट असतो, छपराच्या उंचीला विरळ. ट्रॅक्टरचं तोंड बॉनेटच्या वर उंच काढलेलं असतं ते उगीच नाही. फक्त जोड हवाबंद हवेत. रस्त्यावर बघतो मी, वर नळकांडं आणि खाली जोडाला फट. पाण्यात शिरला की संपला.


वळणवाट
शनिवार, दुपारी 12:40

आठवडाभराचा हिशोब देतो.

काकांनी सांगितलं म्हणून होज काढून फडकं फिरवलं. मातकट निघालं. फिल्टरचं रबर ठीक होतं, टॉर्चलाही कागद धड दिसला. मग डबाच बाहेर काढला. झाकणाच्या चार क्लिपांपैकी मागची, बॅटरीच्या बाजूची, तुटलेली होती. तिथे हात पोचत नाही, म्हणून कुणीतरी तशीच सोडून दिलेली. त्या कोपऱ्यात झाकण जरासं उचललेलं आणि आतल्या प्लास्टिकवर धुळीची वाट स्पष्ट काढलेली, ओढ्याच्या काठाला रेती बसते तशी. किती हजार किलोमीटर असं चाललं, कुणास ठाऊक. 31,000 किमी चाललेला माझा फिल्टर "फार घाण नाही" म्हणून मी खूश होतो, आणि धूळ शेजारून जात होती.

भंगारातून आणलेल्या डब्याची क्लिप काढून बसवली. नवा कागदी फिल्टर, 340 रुपये. तोंडाजवळच्या नळीत एक पूर्ण वाळलेलं पिंपळाचं पान आणि उंदराने आणलेलं सूत निघालं. ते काढून नळीने पुन्हा मोजलं. नव्या फिल्टरला आधी साडेअकरा होते, आता साडेनऊ. कोणत्याही फिल्टरने जेवढं दिलं नसतं तेवढं त्या पानाने आणि सुताने दिलं.

इंजिन ऑइलही लगेच बदलून घेतलं, एवढी धूळ गेली असेल तर ते आत ठेवायला मन होईना.

खंबाटकीला गाडी अजूनही दुसऱ्यावरच जाते. चार माणसं, सामान आणि एसी ओढायला 1.2 लिटर तेवढंच करणार.


सांगेकर
शनिवार, दुपारी 3:15

क्लिपचं वाचून मीही डबा खाली उतरवला. माझ्या चारही शाबूत आहेत. नवा कागदी फिल्टर बसवून पाच दिवस झाले, आज परत फडकं फिरवलं. पांढरं निघालं.


जुना_मिस्त्री
शनिवार, संध्याकाळी 6:00

वळणवाट, ज्या भोकातून मोजलं ते आता पक्कं बुजव. भंगाराचा डबा म्हणून तोच गाडीत चढवला असशील तर ते भोक फिल्टरच्या पलीकडे आहे.


वळणवाट
शनिवार, संध्याकाळी 6:25

काका, गाडीत माझाच मूळ डबा आहे, फक्त क्लिप त्याची. शेवटचं मोजून झाल्यावर तो भोकवाला डबा फळीवर ठेवून दिलाय, आणि त्यावर खडूने "मोजायचा, बसवायचा नाही" असं लिहिलंय. मेव्हण्याच्या गाडीचं मोजायचं आहे पुढच्या रविवारी.